इंग्रजी क्रियापदे आणि त्यांचे अनेकार्थत्व

विजयदुर्गासंबंधी इंग्रजीत जे लिहिले गेले आहे ते वाचावयास बसणाऱ्या मराठी वाचकाला अवघड शब्द फारसे अडवीत नाहीत. त्याला अडवितात ते सोपे शब्द. 'गॅरिसन' किंवा 'बॅस्टियन' हा शब्द आपल्याला येत नाही हे त्याला कळते, तो कोश उघडतो, तेथे शिबंदी किंवा बुरूज असा अर्थ मिळतो आणि काम संपते. परंतु हा किल्ला वाघोटन खाडीचे मुख 'कमांड' करतो, त्याचा तट समुद्राच्या कडेने 'रन' करतो, १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनची जहाजे बंदराकडे 'स्टँड इन' करतात आणि तुळाजी आंग्र्यांचा घेरिया, म्हणजे हाच विजयदुर्ग, अखेर 'फॉल' होतो, अशी वाक्ये समोर आली की त्याची गती खुंटते. यांपैकी प्रत्येक क्रियापद त्याने शाळेच्या पहिल्या दोनतीन वर्षांतच पाठ केलेले असते. आज्ञा करणे, धावणे, उभे राहणे, पडणे हे त्यांचे अर्थ त्याच्या जिभेवर असतात. आणि तेच अर्थ येथे एकही वाक्य लागू देत नाहीत. किल्ला खाडीला आज्ञा कशी करील, तट धावेल कसा, आणि उभे राहिलेले जहाज बंदरात शिरेल कोणत्या रीतीने, हे प्रश्न बुद्धिमंदाचे नव्हेत. पाठ केलेल्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याचे ते प्रश्न आहेत, आणि त्यांचे उत्तर आपल्या शिक्षणक्रमाने त्याला नीट दिलेले नाही.

यांतील 'स्टँड' हे क्रियापद विशेष विचार करण्याजोगे आहे. जमिनीवर त्याचा अर्थ स्थिर असणे. परंतु शिडाच्या जहाजांच्या काळातील इंग्रज नाविकाच्या तोंडी तेच क्रियापद गतीचे होते: जहाज एक दिशा धरून त्या रोखाने चालत राहिले म्हणजे ते 'स्टँड' करी, बंदराकडे वळले तर 'स्टँड इन', खुल्या दर्याकडे निघाले तर 'स्टँड आउट'. दिशेवर ठाम असणे हा दोन्ही अर्थांना जोडणारा दुवा आहे, पण तो दुवा सांगितल्यावाचून सुचत नाही. 'राइड' म्हणजे घोड्यावर बसणे. जहाज नांगरावर 'राइड' करते तेव्हा ते लाटांवर डुलत नांगरलेले असते, म्हणजे येथे उलट गतीचे क्रियापद स्थैर्याचे झाले. 'मेक' म्हणजे करणे. परंतु जहाजाने 'लँड मेक' केली म्हणजे क्षितिजावर जमीन दृष्टीस पडली. 'स्ट्राइक' तर वाचकाची खरी कसोटी पाहणारे क्रियापद आहे. 'द शिप स्ट्रक' एवढेच वाक्य असेल तर जहाज खडकावर आदळले असाही अर्थ होतो आणि जहाजाने निशाण उतरवून शरणागती पत्करली असाही होतो. कोणता घ्यावयाचा हे त्या तीन शब्दांत कोठेच लिहिलेले नसते. मागच्या वाक्यात वारे आणि खडक आले असतील तर पहिला, तोफा आल्या असतील तर दुसरा.

किल्ल्यांच्या लढायांची भाषाही अशीच आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक पिढ्यांतील मराठी विद्यार्थ्यांनी तो इंग्रजीतच वाचला. त्या काळच्या इंग्रजी युद्धवर्णनांत किल्ला 'रिड्यूस' होतो म्हणजे लहान होत नाही, जिंकला जातो. तो 'कॅरी' केला जातो म्हणजे कोणी उचलून नेत नाही, हल्ला करून सर करतो. आणि शत्रू त्याला 'इन्व्हेस्ट' करतो तेव्हा पैसे गुंतवीत नाही, वेढा घालतो. या शेवटच्या क्रियापदाची कुळकथा मराठी वाचकाला मनोरंजक वाटेल. त्याच्या मुळाशी वस्त्र या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. अंगावर वस्त्र घालणे हा मूळ अर्थ; त्यावरून मानाची वस्त्रे देऊन अधिकारावर बसविणे हा दुसरा, ज्याला पेशवाईची वस्त्रे ठाऊक असलेल्या आपल्याला वेगळे स्पष्टीकरण नको; वस्त्र जसे अंगाला चोहोबाजूंनी वेढते तसे सैन्याने किल्ल्याला वेढणे हा तिसरा; आणि द्रव्याला एक रूप टाकून दुसऱ्या रूपाचा पेहराव देणे, म्हणजे भांडवल मालात वा उद्योगात घालणे, हा चौथा. आज पहिले तीन मागे पडून चौथा पुढे आला आहे, म्हणून जुने पुस्तक वाचणारा तरुण अडखळतो. मात्र धात्वर्थाच्या या मौजेला मर्यादा आहे. मूळ कल्पना कळली की चारही अर्थ एका सूत्रात दिसतात हे खरे, परंतु अर्थ आधी कळला असेल तरच सूत्र दिसते. केवळ वस्त्र या कल्पनेवरून वेढ्याचा अर्थ कोणी तर्काने काढू म्हणेल तर त्याला तो सापडावयाचा नाही. व्युत्पत्ती स्मरणाला उपकारक आहे, आकलनाला पुरेशी नाही, असे माझे मत आहे.

इंग्रजी भाषा मुळातच बेशिस्त आहे, अशी जी तक्रार आपल्याकडे ऐकू येते ती मात्र अन्यायाची आहे. कोकणात बोटीने प्रवास करणाऱ्या जुन्या पिढीला 'बोट लागली' या दोन शब्दांचे दोन अर्थ समजावून सांगावे लागत नव्हते. आगबोट विजयदुर्गाच्या बंदरात आली म्हणजे बोट लागली, आणि वाटेत पोटात ढवळून उलट्या होऊ लागल्या म्हणजेही बोटच लागली. 'लागणे' या एका क्रियापदाचा पसारा पाहिला तर इंग्रजीच्या 'गेट' किंवा 'टेक' यांना आपण नावे ठेवणार नाही: भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवा लागतो, कलमाला आंबा लागतो, विहिरीला पाणी लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, सुतक लागते, ग्रहण लागते, मुंबईला जावयास अमुक वेळ लागतो, अमका आपला मामा लागतो, आणि एखादे बोलणे मनाला लागते. या सर्वांत स्पर्श किंवा संबंध ही एक अंधुक कल्पना आहे, पण आठ वर्षांचे मराठी मूल ती कल्पना शोधीत बसत नाही. भूक, ठेच, नोकरी हे शब्द कानी पडताच अर्थ निश्चित होतो. 'पडणे' पाहावे: किल्ल्याचा तट पडला म्हणजे ढासळला, पण किल्ला पडला म्हणजे शत्रूच्या हाती गेला. दोन वाक्यांतील भेद क्रियापदात मुळीच नाही, कर्त्यात आहे. आणि येथे इंग्रजीचे 'फॉल' नेमके मराठीच्या पावलावर पाऊल टाकते. आपल्या बखरींतील शूर किल्लेदार तर किल्ला 'भांडवीत' असे. आज भांडणे म्हणजे तंटा करणे एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी मुलालाही तेथे थबकावे लागते.

असे का होते, याचा विचार भाषाशास्त्रज्ञांनी केला आहे. या प्रकाराला पाश्चात्त्य शास्त्रात जे नाव आहे ते मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताने १८९७ च्या आपल्या अर्थविज्ञानावरील ग्रंथात रूढ केले. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली असे दाखविले की, शब्द जितका अधिक वापरात तितके त्याचे अर्थ अधिक, आणि या वाढीला ढोबळ गणिती प्रमाणही आहे. ऑक्सफर्डच्या थोर कोशाच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या तीन अक्षरी शब्दाची होती आणि क्रियापद म्हणून त्याचे सुमारे ४३० अर्थ तेथे नोंदले होते. पुढे कोशाच्या नव्या संशोधनात पीटर गिलिव्हर या संपादकाने 'रन' हे क्रियापद हाती घेतले तेव्हा त्याचे ६४५ अर्थ भरले. या आकड्यांनी भिऊन जाण्याचे कारण नाही, कारण कोशकाराचे काम छटा मोजण्याचे असते आणि वाचकाचे काम समोरच्या वाक्यापुरती एक छटा ओळखण्याचे. परंतु आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. इंग्रजीतील हे बहुरूपी शब्द जवळजवळ सर्व आखूड, घरगुती आणि जुने आहेत: सेट, पुट, रन, गेट, टेक, मेक, कीप, स्टँड, टर्न, गो. लॅटिन वळणाचे लांबलचक शब्द बहुधा एकाच अर्थाशी प्रामाणिक राहतात. आपले इंग्रजी शिक्षण कचेरी, न्यायालय आणि महाविद्यालय यांच्या द्वारे झाल्यामुळे ते लांब शब्द आपल्याला अधिक जवळचे झाले. सुशिक्षित मराठी माणूस 'टॉलरेट' ओळखतो आणि 'पुट अप विथ' पाशी थांबतो. 'पोस्टपोन' सहज लिहितो आणि 'पुट ऑफ' कानावर आले की क्षणभर गोंधळतो. ज्या इंग्रज मुलाने शाळा पाहिलीही नाही त्याची स्थिती याच्या अगदी उलट असते.

वास्तविक, हा प्रश्न ज्या परंपरेने सर्वांत खोलवर तपासला ती आपल्याच दाराशी आहे. धातू अनेकार्थक असतात हे तत्त्व संस्कृत वैयाकरणांनी उघडपणे स्वीकारले होते. धातुपाठात दिलेला अर्थ हा केवळ दिग्दर्शक, असे ते मानीत. हृ या एका धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे परस्परांशी नाते न सांगणारे शब्द होतात, हे उदाहरण संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. इंग्रजीत हा उपसर्ग धातूच्या पुढे न चिकटता मागे सुटा उभा राहतो, एवढाच काय तो फरक. 'गिव्ह इन' म्हणजे नमणे, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'गिव्ह आउट' म्हणजे संपणे किंवा जाहीर करणे, आणि 'गिव्ह अवे' म्हणजे दान करणे किंवा गुपित फोडणे. आहार आणि संहार यांत हृ शोधून जेवढा लाभ होतो तेवढाच येथे 'गिव्ह' शोधून होईल. प्रत्येक जोडी स्वतंत्र शब्द म्हणून शिकावी, ही गोष्ट जर शिक्षकाने प्रहार-आहाराच्या साहाय्याने एकदा सांगितली तर जे पुष्कळ नियम सांगूनही पटत नाही ते मुलाला एका घटकेत पटते.

परंतु उपसर्गापेक्षाही मोठा विचार भर्तृहरीचा आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास झालेल्या या वैयाकरणाने 'वाक्यपदीया'त वाक्य हाच अर्थाचा खरा घटक मानला, आणि शब्दाचा अर्थ संदिग्ध असेल तेव्हा तो कशाने ठरतो याची गणना केली. संयोग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण, जवळच्या दुसऱ्या शब्दाचे सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काल अशी ती कारणे आहेत. भोजनास बसलेल्याने सैंधव आणावयास सांगितले तर मीठ आणावे आणि प्रवासास निघालेल्याने सांगितले तर घोडा आणावा, हे उदाहरण शास्त्रग्रंथांत घासून गुळगुळीत झालेले आहे. पण त्याचे मर्म असे की सेवकाला सैंधव शब्दाचे दोन्ही अर्थ पाठ असून भागत नाही, धनी पाटावर आहे की उंबऱ्यावर याकडे त्याचे लक्ष असावे लागते. 'द शिप स्ट्रक' या वाक्याचा निकाल आपण मागे खडक आणि तोफा पाहून लावला, तो भर्तृहरीच्या प्रकरण आणि साहचर्य या दोन कारणांनीच लावला. विसाव्या शतकात इंग्लंडात जे. आर. फर्थ याने शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून करून घ्यावी असे प्रतिपादन केले आणि तेथे ते नवे मानले गेले. हा फर्थ तरुणपणी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण म्हणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला फर्थचा सिद्धांत समजावयास कठीण जाऊ नये.

मग अशी परंपरा असताना आपल्याकडे इंग्रजी क्रियापद एका अर्थाच्या खुंटीला बांधून शिकविण्याची रीत कशी रूढ झाली? येथे थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. विजयदुर्ग ज्या देवगड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील पोंभुर्ले या गावी १८१२ साली बाळशास्त्री जांभेकरांचा जन्म झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले तेव्हा त्याच्या प्रत्येक पानावर दोन स्तंभ होते, एक इंग्रजी आणि एक मराठी. या मांडणीचे महत्त्व मला फार वाटते. वाचकाच्या हाती सुटे शब्द न देता जांभेकरांनी अख्ख्या मजकुरासमोर अख्खा मजकूर ठेवला. वृत्त तेच, वाक्ये समोरासमोर. मग इंग्रजी क्रियापद येथे कोणत्या अर्थाने आले हे मराठी स्तंभावरून आपोआप उलगडावे. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या एतद्देशीयांना आणि मराठी समजून घेऊ पाहणाऱ्या साहेबांना एकाच वेळी उपयोगी पडणारी अशी सोय त्यापूर्वी मराठीत झालेली नव्हती.

त्याच सुमारास कोशांचे मोठे कार्य चालू होते. शास्त्रीमंडळींनी सिद्ध केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' १८२९ मध्ये बाहेर पडू लागला, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि त्याची सुमारे ६०,००० शब्दांची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली. उलट दिशेचा इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने आरंभिला आणि टॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरा केला. या मंडळींनी क्रियापदाला अन्याय केला नाही. मराठी क्रियापदाचा अर्थ देताना ते कोणाशी जोडून येते हे सांगण्याची मोल्सवर्थची दक्षता आजही आदर उत्पन्न करते, आणि कँडीच्या कोशात एका इंग्रजी शब्दासमोर मराठीचे जे पर्याय ओळीने उभे राहतात ते पाहून, त्या काळी मराठीत किती नेमके शब्द हाताशी होते याची जाणीव होते. बिघाड झाला तो पुढे, शालेय आवृत्त्यांत. मोठ्या कोशाची खिशात मावणारी पुस्तके झाली, वाक्ये गळली, सोबतचे शब्द गळले, आणि उरला तो एका शब्दासमोर एक शब्द. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने वाक्यांचे भाषांतर करावयास लावून पिढ्यान्‌पिढ्यांवर मोठे उपकार केले हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तथापि वर्गातील विद्यार्थ्याची वही मात्र मध्ये रेघ मारलेली, डावीकडे 'शब्द', उजवीकडे 'अर्थ', अशीच राहिली. १९४८ च्या सुमारास मुंबई प्रांतात इंग्रजीचा आरंभ पाचवीवरून आठवीवर गेला, २००० साली महाराष्ट्रात तो पहिलीपासून झाला. इयत्ता बदलल्या, वहीतली रेघ बदलली नाही.

परकीयांना इंग्रजी शिकविण्याच्या शास्त्रात या अवधीत जे प्रयत्न झाले त्यांपैकी काहींचा येथे परामर्श घ्यावयास हवा. सी. के. ऑग्डेन याने १९३० साली ८५० शब्दांचे एक 'बेसिक' इंग्रजी मांडले आणि त्यात सोळा मुख्य क्रियापदे व दोन सहायक एवढ्यांवर सर्व व्यवहार भागविला. शब्द कमी झाले म्हणजे ओझे कमी झाले, ही त्याची समजूत मला मुळातच चुकीची वाटते. 'गेट', 'पुट', 'टेक', 'मेक' याच क्रियापदांवर साऱ्या भाषेचा भार टाकल्यावर त्यांच्या अर्थांची संख्या वाढणार. शिकणाऱ्याला शब्दांतून जी सुटका मिळाली ती अर्थांनी दुपटीने वसूल केली. मायकेल वेस्टचे कार्य याहून पुष्कळ सरस होते. त्याने बंगालमध्ये, ढाक्यात, वर्षानुवर्षे शिक्षकांच्या शिक्षणाचे काम केले होते आणि इंग्रजी शिकणारा हिंदी मुलगा कोठे अडतो हे प्रत्यक्ष पाहिले होते. त्याच्या १९५३ च्या शब्दसूचीत सुमारे २,००० शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ शेकडा किती वेळा आढळतो हेही त्यात दिलेले आहे. म्हणजे चाळीस अर्थांपैकी पहिल्या चारपाचांनी बहुतेक काम भागते, हे शिक्षकाला आकड्याने कळते. ए. एस. हॉर्न्बी याने १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे ऑक्सफर्डने स्वीकारलेल्या कोशात क्रियापदांचे पंचवीस वाक्यसाचे ठरविले. कोणते क्रियापद कोणत्या साच्यात बसते हे कळले की निम्मा अर्थ साचाच सांगतो. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर याच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम येथे तयार झालेल्या 'कोबिल्ड' कोशाने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यावयास आरंभ केला, आणि त्या वाक्यात क्रियापदाचा नेहमीचा कर्ता व नेहमीचे कर्म आपोआप येऊ लागले. भर्तृहरीचे सान्निध्य या मार्गाने विलायती कोशात येऊन बसले.

कचेरीच्या भाषेचा विचार केल्याविना आपल्याकडील आढावा पुरा होणार नाही, कारण कोकणातल्या कुळांना आणि खोतांना इंग्रजीचा पहिला परिचय दाव्याच्या कागदांतून झाला. 'एक्झिक्यूट' हे क्रियापद घ्यावे. काम 'एक्झिक्यूट' करणे म्हणजे तडीस नेणे. खरेदीखत 'एक्झिक्यूट' करणे म्हणजे सही-निशाणी करून दस्त लिहून देणे. हुकूमनामा 'एक्झिक्यूट' करणे म्हणजे दरखास्त देऊन बजावणी करविणे. आणि माणसाला 'एक्झिक्यूट' करणे म्हणजे फाशी देणे. चार कर्मे, चार मराठी क्रियापदे, आणि कोणाही मुनसफाच्या कारकुनाच्या मनात त्यांची सरमिसळ होत नसे. 'सर्व्ह' तसेच: समन्स बजावणे, शिक्षा भोगणे, सरकारची चाकरी करणे, पानात वाढणे. 'अटॅच' म्हणजे कागदाला कागद जोडणे, पण मिळकतीवर आले की जप्ती. वरिष्ठ न्यायालयात अपील 'लाय' करते म्हणजे ते तेथे चालण्यास पात्र असते. असत्य बोलणे किंवा आडवे होणे हा अर्थ येथे लागत नाही. आमच्या जुन्या मामलेदार कचेऱ्यांतील भाषांतरकारांनी या ठिकाणी जे कौशल्य दाखविले ते असामान्य होते. त्यांनी इंग्रजी क्रियापदाला एक मराठी शब्द ठरवून दिला नाही. प्रत्येक व्यवहाराला त्याचा रुळलेला शब्द आधीच होता, फारसीतून आलेला आणि पेशवाईत मुरलेला, तो त्यांनी कर्म पाहून उचलला. देशाप्रमाणेही अर्थ पालटतो याचे उदाहरण 'टेबल' या क्रियापदाचे. इंग्लंडात आणि आपल्या विधिमंडळात प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो सभागृहाच्या पटलावर ठेवून चर्चेस आणणे. अमेरिकेत तेच करणे म्हणजे तो बाजूस सारून चर्चा तहकूब करणे. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची दीर्घ वादावादी झाल्याचे चर्चिलने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. निवडणुकीस इंग्रज 'स्टँड' करतो आणि अमेरिकन 'रन' करतो. आपण दोघांसाठी उभे राहतो.

विजयदुर्गाच्या इतिहासातच या सर्व चर्चेला उजेड देणारे एक क्रियापद सापडते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्यासाठी नॉर्मन लॉकियर हा ज्योतिर्विद आपली उपकरणे घेऊन या किल्ल्यात आला होता, आणि ती उपकरणे ज्यांवर मांडली ते 'साहेबाचे ओटे' आजही किल्ल्यात दाखविले जातात. (हेलियमचा शोध याच ओट्यांवर लागला असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही, त्या वायूची वर्णरेषा तीस वर्षांपूर्वी, १८६८ सालीच, लक्षात आली होती, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होता. किल्ल्याचा खरा मान १८९८ च्या निरीक्षणाचा आहे आणि तो काही लहान नव्हे.) आता त्या दिवसाविषयी इंग्रजीत तीन वाक्ये लिहिली अशी कल्पना करावी. लॉकियरने ग्रहण 'ऑब्झर्व्ह' केले. गावातील लोकांनी ग्रहणाचे नियम 'ऑब्झर्व्ह' केले. आणि एका अधिकाऱ्याने 'ऑब्झर्व्ह' केले की आभाळ स्वच्छ आहे. पहिल्यात निरीक्षण आहे. दुसऱ्यात पाळणूक, म्हणजे वेध, उपास, स्नान आणि दान. तिसऱ्यात केवळ उद्गार. ओट्यावर दुर्बिणीला डोळा लावणारा आणि घरात अन्नावर तुळशीपत्र ठेवून बसणारा, दोघांच्या कृती इतक्या भिन्न असता इंग्रजी भाषा त्यांना एका क्रियापदात गोवते, कारण लक्ष देणे आणि लक्षपूर्वक राखणे या दोन्ही कल्पना त्या धातूत आरंभापासून आहेत. हा अर्थभेद कळावयास कोश लागत नाही. कर्माच्या जागी एखादी वस्तू वा दृश्य आहे, नियम वा व्रत आहे, की 'की' ने सुरू होणारे पोटवाक्य आहे, एवढे पाहिले की पुरे. किंबहुना कोशात पहिला अर्थ पाहून परतणारा वाचक येथे हमखास फसतो, आणि कोश न पाहता कर्म पाहणारा तरतो.

म्हणून शाळांतून करावयाचा बदल फार मोठ्या खर्चाचा नाही. शब्दार्थाच्या वहीत डावीकडे एकटे क्रियापद लिहू नये. त्याच्या कर्मासह, आणि कर्म नसेल तेथे कर्त्यासह लिहावे. 'कीप' या क्रियापदाचे पान असे भरेल: कुत्रा 'कीप' करणे, पाळणे; शब्द 'कीप' करणे, तोही पाळणेच; हिशेब, ठेवणे; दुकान, चालविणे; डायरी, लिहिणे; कोणाला वाट पाहत 'कीप' करणे, ताटकळत ठेवणे; गप्प 'कीप' करणे, गप्प बसणे; घड्याळ वेळ 'कीप' करते, बरोबर चालते; आणि कर्म मुळीच नसून कर्ता खाण्याचा पदार्थ असेल, जसे बर्फावाचून मासळी 'कीप' करीत नाही, तर टिकणे. बंदरावरच्या मुलाला हे शेवटचे वाक्य दुसऱ्यांदा सांगावे लागणार नाही. या पानावर मराठीचे पाळणे, ठेवणे, चालणे, बसणे ही क्रियापदे आलेली दिसतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाचे स्वतंत्र पान उलट दिशेने करता येते, म्हणजे मुलाला आपल्या भाषेची श्रीमंतीही त्याच श्रमात कळते. अशा रीतीने प्रथम हाती घेण्याजोगी क्रियापदे वेस्टच्या सूचीवरून सहज निवडता येतील: गेट, टेक, मेक, गो, कम, पुट, कीप, रन, टर्न, ब्रेक, कॅरी, होल्ड, सेट आणि स्टँड. 'पुट अप विथ' सारख्या जोड्या मात्र या पानांत बसवू नयेत. त्यांना प्रहार-आहाराप्रमाणे स्वतंत्र शब्द समजून वहीच्या मागच्या बाजूने वेगळा खाना काढून द्यावा.